स्थलांतराच्या रकान्यात न मावणारे कारण

काही वर्षांपूर्वी आम्ही शहराच्या कडेच्या एका वस्तीत कुटुंबांची पाहणी करत होतो. फॉर्मवर एक प्रश्न होता : 'गाव सोडण्याचे कारण.' सत्तरी ओलांडलेल्या एका आजींना तो विचारला. त्या म्हणाल्या, "काम गावातबी लई व्हतं बाबा, दाम नव्हता. आन् कुणी बापाच्या नावानं हाक मारत नव्हतं, जातीच्या नावानं मारायचे." आम्ही फॉर्मकडे पाहिले. रकाने ठरलेले होते. शेवटी 'काम/रोजगार' यावर खूण केली आणि पुढच्या घरी गेलो.

ती खूण चुकीची होती, हे आजही डोक्यातून जात नाही. जनगणनेतही स्थलांतराची कारणे अशीच ठरलेली असतात : रोजगार, व्यवसाय, शिक्षण, विवाह, जन्मानंतर स्थलांतर, कुटुंबासोबत स्थलांतर आणि इतर. जातीच्या जाचाला कंटाळून गाव सोडणाऱ्यांसाठी त्यात वेगळा रकाना नाही. आमची माणसे एकतर 'रोजगार' होतात, नाहीतर 'इतर'.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला रेव्हनस्टीनचे १८८५ चे स्थलांतराचे नियम शिकवले गेले. १९६६ चा एव्हरेट लीचा सिद्धांतही शिकवला गेला. मूळ ठिकाणचे काही घटक माणसाला बाहेर ढकलतात, नव्या ठिकाणचे काही घटक त्याला खेचून घेतात आणि मध्ये काही अडथळे असतात. मांडणी सोपी आहे, परीक्षेत गुण मिळवून देणारी आहे. पण 'ढकलणारे घटक' म्हटले की वाटते, जणू वाराच ढकलतो आहे. ढकलणारे हात कोणाचे, हा प्रश्न बाजूला राहतो. म्हणून आज एक असा इतिहास पाहू, ज्यात ते हात स्पष्ट दिसतात. इतिहास अमेरिकेचा आहे, पण त्याची एक वाट थेट मुंबईपर्यंत येते.

साठ लाख माणसे का निघाली?

१८६५ मध्ये अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपली. पण १९१० मध्येही दर दहापैकी नऊ कृष्णवर्णीय दक्षिणेकडील राज्यांतच राहत होते. मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, दोन्ही कॅरोलिना ही ती राज्ये. जमीन गोऱ्या मालकांचीच राहिली. कृष्णवर्णीय कुटुंब ती वाट्याने कसायचे. बी-बियाणे, अवजारे, खायचे धान्य मालकाकडून किंवा त्याच्या दुकानातून उधार यायचे. हंगामाच्या शेवटी हिशेब मालकच करायचा, आणि त्या हिशेबात कुटुंब बहुधा कर्जातच निघायचे. हिशेब चुकला असे म्हणणे म्हणजे जिवाशी खेळ.

त्यावर कायद्याची भिंत होती. १८९० मध्ये मिसिसिपीने नवे राज्य संविधान करून मतदानाला कर आणि वाचन-परीक्षेच्या अटी घातल्या. इतर राज्यांनी तोच कित्ता गिरवला. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी खटल्यात 'वेगळे पण समान' हे तत्त्व मान्य केले आणि रेल्वेचा डबा, शाळा, पाणवठा असे सगळे वेगळे करायला मोकळीक मिळाली. याच्याही वर झुंडीची दहशत होती. पुनर्रचनेच्या काळाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चार हजारांहून अधिक कृष्णवर्णीयांना झुंडींनी ठार मारले. कित्येकदा जाहीरपणे, गर्दी जमवून.

मग पहिले महायुद्ध आले. युरोपातून येणारे मजूर थांबले आणि उत्तरेतील कारखाने, कत्तलखाने, रेल्वे यांना माणसे कमी पडू लागली. त्याच सुमारास कापसाचे बोंड पोखरणाऱ्या भुंग्याने दक्षिणेतील पिके उद्ध्वस्त केली. १९१६ पासून माणसांचा ओघ सुरू झाला. १९७० पर्यंत सुमारे ६० लाख कृष्णवर्णीयांनी दक्षिणेकडील राज्ये सोडली. शिकागोत १९१० मध्ये सुमारे ४४ हजार कृष्णवर्णीय होते, १९२० मध्ये सुमारे १ लाख ९ हजार झाले आणि १९३० मध्ये सुमारे २ लाख ३४ हजार. रेल्वेमार्गांनी वाटा ठरवल्या. मिसिसिपीचे लोक शिकागोला गेले, जॉर्जिया-कॅरोलिनाचे फिलाडेल्फिया-न्यूयॉर्कला, लुइझियाना-टेक्सासचे कॅलिफोर्नियाला.

इथे कोणी म्हणेल, पाहा, हा रोजगारच झाला! मजुरी तिप्पट मिळत असेल तर माणूस जाणारच. मजुरीचे आकर्षण होतेच, ते नाकारायचे कारण नाही. पण 'शिकागो डिफेंडर' हे १९०५ मध्ये सुरू झालेले कृष्णवर्णीयांचे वृत्तपत्र पाहा. त्यात नोकऱ्यांच्या बातम्यांशेजारी दक्षिणेतील झुंडबळींच्या बातम्या असत. रेल्वेतील कृष्णवर्णीय सेवक त्याचे गठ्ठे गुपचूप दक्षिणेत पोहोचवत, आणि एक अंक अनेक हातांतून फिरे. निघू पाहणाऱ्यांनी त्या काळात लिहिलेली पत्रे १९१९ मध्ये संकलित होऊन प्रसिद्ध झाली. त्यांत मजुरीची चौकशी आहेच. पण मुलांना चांगली शाळा मिळेल का, माणूस म्हणून राहता येईल का, हे प्रश्नही आहेत. मजुरी आणि मान असे दोन वेगळे हिशेब त्या माणसांनी केले नव्हते. ते हिशेब नंतर अभ्यासकांनी वेगळे केले.

ज्यांना माणूस मानले नाही, त्यांना जाऊही दिले नाही

या इतिहासातील सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच आहे. जे गोरे कृष्णवर्णीयांना शेजारी बसू देत नव्हते, तेच त्यांना जाऊ देत नव्हते. जॉर्जियातील मेकन शहराने मजूर बाहेर नेणाऱ्या एजंटाला परवान्यासाठी २५ हजार डॉलर फी लावली. म्हणजे परवाना कोणी घेऊच नये. ठिकठिकाणी पोलिसांनी फलाटावरून माणसांना पकडले, गाडीतून उतरवले. विटाळ होतो म्हणणाऱ्यांना त्यांच्या श्रमाचा विटाळ कधी झाला नाही!

आम्हाला हे ओळखीचे वाटते. महार वतनाची रचना याहून वेगळी कुठे होती? तुटपुंजी इनाम जमीन आणि बलुते यांच्या बदल्यात अख्खे कुटुंब रात्रंदिवस सरकारच्या आणि गावाच्या दावणीला. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते ही दावण तोडण्यासाठी. गावाबाहेर ठेवायचे, पण गाव सोडू द्यायचे नाही, हा वर्णव्यवस्थेचा आणि वंशव्यवस्थेचा समान नियम आहे.

उत्तर म्हणजे स्वर्ग नव्हता

गेलेल्यांना काय मिळाले? २७ जुलै १९१९ रोजी शिकागोच्या तळ्यात पोहणारा १७ वर्षांचा यूजीन विल्यम्स गोऱ्यांच्या किनाऱ्याकडे वाहत गेला. त्याच्यावर दगडफेक झाली आणि तो बुडाला. नंतरच्या दंगलीत ३८ माणसे मेली, त्यांपैकी २३ कृष्णवर्णीय. घरांच्या करारपत्रांतच 'कृष्णवर्णीयाला विकू नये' अशा अटी असत. त्यांची न्यायालयामार्फत अंमलबजावणी १९४८ मध्ये थांबली, वस्त्या मात्र वेगळ्याच राहिल्या. १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग शिकागोत घरांच्या प्रश्नावर मोर्चा घेऊन गेले, तेव्हा त्यांनाही दगड लागला.

मुंबईत आलेल्या आमच्या पणजोबांची गोष्ट हीच. गिरणीत काम मिळाले, पण विणकाम खात्याचे दार बंद. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो, त्याचा विटाळ होतो, म्हणून जास्त मजुरीचे ते काम अस्पृश्यांना नाही. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. जात गावच्या वेशीवर थांबली नाही. ती त्याच गाडीने शहरात आली.

पण म्हणून 'जाऊन काय उपयोग' असे म्हणणे चूक ठरेल. उत्तरेत मत देता येत होते. ऑस्कर डी प्रिस्टचा जन्म अलाबामातला. त्याच्या लहानपणी कुटुंब कॅन्ससला गेले. १९२८ मध्ये तो शिकागोतून अमेरिकी काँग्रेसवर निवडून आला. विसाव्या शतकात तिथे निवडून गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय. गेलेल्यांनी मागच्यांसाठी आवाजही मिळवला. ऑगस्ट १९५५ मध्ये शिकागोचा १४ वर्षांचा एमेट टिल नातेवाइकांकडे मिसिसिपीत गेला आणि गोऱ्यांनी त्याची हत्या केली. आई मेमी टिल मूळच्या मिसिसिपीच्या, लहानपणीच इलिनॉयला आलेल्या. त्यांनी शवपेटी उघडी ठेवली आणि हजारोंनी तो छिन्नविच्छिन्न चेहरा पाहिला. कृष्णवर्णीयांच्या नियतकालिकांनी छायाचित्रे छापली. मारेकरी गोऱ्या ज्युरीपुढे निर्दोष सुटले, पण देश हादरला. मिसिसिपीच्या गावात ती पेटी उघडी ठेवता आली असती का?

राहिलेले आणि गेलेले

तरीही मिसिसिपी बदलले ते केवळ शिकागोतून नव्हे. फॅनी लू हेमर तिथेच राहिल्या. १९६२ मध्ये मतदार नोंदणीला गेल्या म्हणून त्यांना मळ्यावरून हाकलले, पुढे तुरुंगात मारहाण झाली, तरी त्या हटल्या नाहीत. अशा राहिलेल्यांच्या लढ्यातून १९६५ चा मतदान हक्क कायदा आला. उलट रोझा पार्क्स यांनी १९५५ मध्ये माँटगोमेरीच्या बसमध्ये जागा सोडली नाही, पण १९५७ मध्ये नोकरी गेलेली आणि धमक्या येत असताना त्यांना ते शहर सोडावे लागले. त्या डेट्रॉइटला गेल्या. त्यांना पळपुट्या म्हणायची कोणाची छाती आहे?

आणि आता ती मुंबईची वाट. अलाबामातील लाउंड्स काउंटीत बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय, पण १९६५ च्या सुरुवातीला एकही कृष्णवर्णीय मतदार नोंदलेला नव्हता. तिथल्या लोकांनी आपला पक्ष काढला आणि चिन्ह घेतले काळा पँथर. ते चिन्ह ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी उचलले. न्यूटनचा जन्म लुइझियानाचा, सीलचा टेक्सासचा. दोघेही दक्षिण सोडून आलेल्या कुटुंबांतले. तिथून ते नाव १९७२ मध्ये मुंबईत आले आणि दलित पँथर उभी राहिली. तिच्या संस्थापकांतले नामदेव ढसाळ पुण्याजवळच्या खेड्यातून लहानपणी मुंबईत आलेले. म्हणजे चिन्ह राहिलेल्यांचे, संघटना गेलेल्यांची. आपल्या चळवळीच्या नावातच हे दोन्ही धागे आहेत.

'जा' म्हणण्याचा अधिकार कोणाला?

इथे एक सावधगिरी हवी. १९३५ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातील कविठा गावात अस्पृश्यांनी मुलांना शाळेत घातले. सवर्णांनी हल्ला केला, बहिष्कार घातला, विहिरीत रॉकेल ओतले. गांधीजींनी अस्पृश्यांना गाव सोडण्याचा सल्ला दिला. पोटासाठी माणूस स्थलांतर करतो तर स्वाभिमानासाठी का करू नये, असा त्यांचा युक्तिवाद होता. युक्तिवाद वरवर आमच्यासारखाच दिसतो. पण बाबासाहेबांचा आक्षेप नेमका होता : गुन्हेगारांवर खटले भरण्याचा सल्ला का दिला नाही?

मग बाबासाहेबांनी स्वतंत्र वसाहतींची मागणी का केली? १९४२ च्या नागपूर परिषदेत तसा ठराव झाला आणि १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी त्यासाठी सरकारी वसाहत आयोग मागितला. फरक इथे आहे. गांधीजींचा सल्ला पीडितांना होता, बाबासाहेबांची मागणी शासनाकडे होती. जमीन द्या, संरक्षण द्या, मग आम्ही ठरवू कुठे राहायचे. ४ नोव्हेंबर १९४८ च्या संविधान सभेतील भाषणात त्यांनी खेड्याचे गोडवे नाकारले, आणि संविधानाच्या अनुच्छेद १९ ने देशभर कुठेही संचार करण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क दिला. तो निवडीचा हक्क आहे, हाकलण्याचा परवाना नव्हे.

आणि हा हक्क आजही अपुरा आहे. अनुच्छेद ३४१ आणि ३४२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यनिहाय आहेत. १९९० मध्ये आंध्रातून मुंबईत आलेल्या एका विद्यार्थ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, एका राज्यातील अनुसूचित दर्जा दुसऱ्या राज्यात लागू होत नाही. २०१८ मध्ये घटनापीठाने राज्यांच्या नोकऱ्यांबाबत हीच भूमिका कायम ठेवली. याद्या राज्यनिहाय असण्यामागे स्थानिक मागासांच्या वाट्याचा विचार आहे, तो आम्ही समजू शकतो. पण प्रश्न उरतोच : माणसाने राज्याची सीमा ओलांडली की त्याचे संरक्षण मागे राहते, मग घरमालक आडनाव विचारणे का थांबवत नाही?

मित्रांनो, १९७० नंतर अमेरिकेत प्रवाह उलटा फिरला. नागरी हक्कांचे कायदे झाल्यावर अनेक कृष्णवर्णीय कुटुंबे अटलांटासारख्या दक्षिणेतील शहरांत परतू लागली. कायदा बदलला, दहशत ओसरली, संधी आल्या, तसे माणसांचे पायही वळले. ढकलणारे घटक नैसर्गिक नसतात, याचा आणखी कोणता पुरावा हवा?

म्हणून आम्ही आमच्या पाहणीच्या फॉर्ममध्ये आता एक रकाना हाताने आखतो : 'जातीय जाच, बहिष्कार, अत्याचार.' तुम्ही वस्तीत जाल तेव्हा तुम्हीही आखा. आजी-आजोबांना गाव का सोडले ते विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. ती पिढी आता फार दिवस आपल्यात नाही. जी गोष्ट मोजली जात नाही, तिच्यावर शासन धोरण करत नाही. आपला इतिहास 'इतर'च्या रकान्यात पडू द्यायचा नाही.

जय भीम!