आकाशचिन्ह

पुणे महापालिकेत परवाना आणि आकाशचिन्ह विभाग आहे. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मनात पंचांग, नक्षत्रं, ध्रुवतारा असं काहीबाही येऊन गेलं. प्रत्यक्षात तिथं परवाने मिळतात ते गच्च्यांवरच्या आणि रस्त्याकडेच्या जाहिरात फलकांचे. लोखंडी सांगाड्याच्या वाट्याला इतका देखणा शब्द आला कुठून?

त्याचं माहेर लंडन. 19व्या शतकाच्या अखेरीस तिथले व्यापारी छपरांवर उंच चौकटी उभारून त्यांत अवाढव्य सुटी अक्षरं बसवू लागले. मागे ना भिंत, ना फळी. अक्षरांच्या फटींतून आभाळ दिसायचं आणि त्या उजेडावर दुकानाचं नाव लांबूनही वाचता यायचं. आभाळाचाच कागद केला, म्हणून नाव पडलं ‘स्काय साइन’. सोसाट्याच्या वाऱ्यात हे डोक्यावर येईल ही धास्ती होती, शहराचं रूप बिघडल्याची चीडही होती. 1891मध्ये लंडनपुरता खास कायदा झाला आणि नव्या स्काय साइनना बंदी आली.

बंदी लंडनमध्ये राहिली. व्याख्या मात्र समुद्र ओलांडून इकडे आली. मुंबई महापालिकेच्या कायद्यात ती कलम 328मध्ये आहे आणि बाकीच्या महापालिकांसाठीच्या 1949च्या कायद्यात कलम 244मध्ये. मराठी करताना शब्दाला शब्द ठेवला गेला आणि ‘आकाशचिन्ह’ जन्माला आलं. आपल्याकडे त्यावर बंदी नाही, पण आयुक्तांची लेखी परवानगी लागते.

ती व्याख्या मी पुन्हापुन्हा वाचतो. इमारतीवर खांब, चौकट किंवा कसल्याही आधारानं उभं केलेलं अक्षर, चित्र वा खूण रस्त्यावरच्या कुठल्याही जागेवरून आभाळाच्या पार्श्वभूमीवर दिसली, तर ते आकाशचिन्ह. आधाराचे खांबही त्यातच धरायचे. जाहिरातीचा फुगा, हवाई छत्रीसुद्धा. वाऱ्याची दिशा दाखवणारा छपरावरचा कोंबडा सुटला, पण त्यानं जाहिरात केली नाही तरच! रस्त्यावर उभं राहून मान वर करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी लिहिलेला असा कायदा मी दुसरा पाहिलेला नाही.

फलकावर काय लिहिलंय, हे ही व्याख्या फारसं विचारत नाही. अपवाद पुढे आपल्याकडे जोडला गेला. चित्रपटाच्या किंवा नाटकाच्या दृश्याचं पोस्टर असेल, तर ते सभ्यतेला धरून आहे ना, हे आयुक्तांनी आधी तपासायचं. मला हे कलम त्या घरातलं वाटत नाही. आभाळ मोजणाऱ्याच्या हाती नीतीची फूटपट्टी कशाला?

जाहिरातीला बोलण्याचा हक्क आहे का, हा वाद वेगळ्या वाटेनं न्यायालयात गेला. 1959मध्ये हमदर्द दवाखाना खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं काही औषधांच्या जाहिरातींना अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं कवच नाकारलं. 1995मध्ये टाटा प्रेसच्या पिवळ्या पानांवरून दूरध्वनी निगमाशी झालेल्या खटल्यात त्याच न्यायालयानं सांगितलं, की व्यापारी जाहिरातही राज्यघटनेच्या कलम 19(1)(अ)मध्ये बसते. मला हा निकाल पटतो. दुकानदारानं आपला माल ओरडून सांगावा, आणि ते ऐकण्यात गिऱ्हाइकाचंही हित असतं. पण वजन, वारा आणि गंजलेला नट यांना घटनेचं कलम लागू होत नाही. तिथं जुनी व्याख्याच कामाला येते.

तिच्यात रेल्वेला एक सूट आहे. रेल्वेच्या हद्दीतला, निव्वळ रेल्वेच्याच कामकाजाचा फलक आकाशचिन्ह धरायचा नाही, मात्र तो रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेत पडूच शकणार नाही अशा जागी हवा. कुणीतरी ही अट लिहिताना सांगाडा मनातल्या मनात आडवा पाडून पाहिला होता.

5 ऑक्टोबर 2018ला पुण्यात जुन्या बाजाराजवळ, शाहीर अमर शेख चौकात, रेल्वेच्या जागेतल्या जाहिरात फलकाचा लोखंडी सांगाडा काढण्याचं काम चालू होतं. तो कोसळला तो थेट रस्त्यावर, सिग्नलला थांबलेल्या रिक्षा आणि दुचाक्यांवर. चार माणसं गेली. त्या दुपारी सांगाड्यावर वाचण्यासारखं एक अक्षरही नव्हतं.