अल्बर्ट नामतजिरा : नागरिक आणि पाल्य

अल्बर्ट नामतजिरा या चित्रकाराकडे मी वळलो तो त्याच्या खटल्यामुळे. चित्रे मागाहून पाहिली. एका माणसाने रमची बाटली मोटारीच्या आसनावर ठेवली. त्याच्याच जमातीतल्या दुसऱ्या चित्रकाराने ती उचलली आणि तो प्याला. पहिल्याला सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. साल १९५८. शिक्षा झालेल्या या माणसाला चारच वर्षांपूर्वी कॅनबेरात इंग्लंडच्या राणीच्या भेटीला नेऊन उभे केले होते. हे वाचल्यावर मला स्वस्थ बसवेना.

ऑस्ट्रेलियाच्या ऐन मध्यभागी, मॅकडॉनेल डोंगररांगांच्या कुशीत, लुथरन मिशनने वसवलेली हर्मन्सबर्ग नावाची वस्ती आहे. मिशन १८७७ सालचे. अरंटा आदिवासी मात्र तिथे हजारो वर्षांपासूनचे. २८ जुलै १९०२ रोजी अल्बर्ट तिथे जन्मला. जन्मनाव एलेआ. १९०५ मध्ये आईबापांबरोबर त्याचाही बाप्तिस्मा झाला आणि एलेआचा अल्बर्ट झाला. तो मिशनच्या शाळेत बायबल शिकला आणि तेराव्या वर्षी जाणत्यांनी त्याला रानात नेऊन जमातीची दीक्षाही दिली. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जुने सगळे धुऊन निघते असे पाद्र्यांना वाटत असेल; इथे ते झाले नाही. पुढे शेजारच्या कुकाजा जमातीतल्या मुलीशी त्याने लग्न केले. तिला आपण रुबिना म्हणून ओळखतो. जमातीच्या नातेसंबंधांच्या नियमात हे लग्न बसत नव्हते, म्हणून जोडप्याला काही वर्षे बाहेर काढावी लागली. (जमातीचे कायदे सगळे सोन्याचे होते असे म्हणण्याचा मोह आपण टाळावा. बहिष्कार म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे.)

पोटासाठी त्याने लोहारकी केली, सुतारकी केली, गुरे वळली, उंट हाकले. मिशनवर राबले की शिधा मिळे. बाहेरच्या गोऱ्या कुरणमालकांकडे मजुरी. तिथले उंटही तिथले नव्हेत. गेल्या शतकाआधीच्या शतकात ते ब्रिटिश हिंदुस्थानातून जहाजाने नेले होते आणि त्यांच्याबरोबर बलुची, पठाण, पंजाबी उंटवालेही. साम्राज्याच्या ओझ्याखाली कोण कोण एकत्र आले, त्याचा हिशेब अजून कोणी नीट मांडलेला नाही.

१९३४ मध्ये रेक्स बॅटरबी आणि जॉन गार्डनर या दोन गोऱ्या चित्रकारांनी मिशनवरच आपल्या जलरंगांचे प्रदर्शन भरवले. लोकांनी पाहिले ते आपलेच डोंगर, आपलीच झाडे, कागदावर. अल्बर्टने ते पाहिले आणि ठरवले की हे आपल्यालाही जमेल. १९३६ मध्ये बॅटरबी पुन्हा आला तेव्हा अल्बर्ट त्याचा उंटवाला आणि वाटाड्या होऊन निघाला. मोबदल्यात त्याने रंगांचे धडे घेतले. सफर दोन महिन्यांची. दोनच वर्षांनी, १९३८ मध्ये, मेलबर्नला त्याचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन झाले आणि एकूण एक ४१ चित्रे विकली गेली. त्याआधी तो सहीत नुसते ‘अल्बर्ट’ लिहीत असे. त्या सुमारास त्याने बापाचे नाव, नामतजिरा, त्याला जोडले. मिशनने दिलेल्या नावापुढे बापाचे नाव आले. मला ही सही चित्रांइतकीच महत्त्वाची वाटते.

चित्रे कशी? पांढऱ्याशुभ्र खोडाचे एखादे युकॅलिप्टसचे झाड पुढे, मागे जांभळे निळे डोंगर, पायथ्याशी तांबडी माती. शहरातल्या घराघरांत त्यांच्या छापील प्रती लागल्या. पण कलेतले मोठे समीक्षक नाके मुरडत राहिले. त्यांच्या मते ही गोऱ्यांची नक्कल होती. आदिवासीने ठिपके, रेघा, खुणा काढाव्यात. निसर्गचित्र हा त्याचा प्रांत नव्हे. म्हणजे आदिवासीने काय काढावे हेही त्यांनीच ठरवायचे! त्यांना एक गोष्ट उमगली नाही. ते डोंगर अल्बर्टसाठी देखावा नव्हते. पूर्वजांनी घडवलेली, नात्याने वाटून आलेली ती ठिकाणे होती. कोणती कोणाची, हे त्याला दीक्षेत सांगितलेले होते. गुप्त खुणा परक्यांना दाखवता येत नाहीत, पण भूमी सर्वांना दाखवता येते. माझ्या मते त्याने तेच केले.

नाव झाले. १९४४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नामवंतांच्या कोशात त्याचे नाव आले; त्यात येणारा तो पहिला आदिवासी. १९५३ मध्ये राणीच्या राज्यारोहणाचे पदक मिळाले. मानाला तोटा नव्हता. पण त्याने गुरांसाठी कुरणाचा पट्टा मागितला, तो नाकारला गेला. १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्ज शहरात घर बांधायचे ठरवले. आदिवासीला तिथे घर बांधता येत नाही म्हणून तेही नाकारले गेले. प्राप्तिकर मात्र सरकार घेत होते. अखेर देशातला सर्वांत प्रसिद्ध आदिवासी शहराबाहेर मॉरिस सोक इथे, कोरड्या ओढ्याकाठी, पाल ठोकून राहिला. मिळकत जिथल्या तिथे वाटली जाई. पोरेबाळे, जावई, भाचे, दूरची नाती, सगळ्यांचा वाटा. अरंटांमध्ये हा दानधर्म समजत नाहीत. तो कायदा आहे.

आता सरकारचा कायदा पाहू. १९५३ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीत कल्याण अध्यादेश झाला, अंमल १९५७ पासून. त्यात ‘आदिवासी’ हा शब्द नव्हता. ज्यांना स्वतःची काळजी घेता येत नाही त्यांना सरकारचे ‘पाल्य’ ठरवायचे, आणि मताधिकार असलेल्यांना वगळायचे, एवढेच. मताधिकार आदिवासींना नव्हता. जातीचे नाव न घेता जात मोजण्याची ही युक्ती आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. पाल्यांच्या नोंदवहीत १५ हजारांहून अधिक आदिवासींची नावे चढली. लोक तिला जनावरांच्या पैदाशीची वही म्हणत. पाल्याने कुठे राहायचे, कोणाशी लग्न करायचे, यावर सरकारची हुकमत; दारू निषिद्ध. वगळलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी. त्यांत अल्बर्ट आणि रुबिना होते. वर्तमानपत्रांनी लिहिले, अल्बर्ट नागरिक झाला.

त्याची मुले मात्र पाल्यच राहिली. बाप नागरिक, मुलगा पाल्य. बापाला दारू विकत घेण्याचा हक्क. पण मुलाला, भावाला, मित्राला त्यातला घोट दिला तर तुरुंग. म्हणजे सरकारने त्याला जो हक्क दिला, तो एकट्याने भोगायच्या अटीवर दिला. आणि एकट्याने भोगणे हेच तर त्याच्या लोकांत पाप होते. १९५८ मध्ये ती बाटली हेनोक राबेराबा या सोबतच्या चित्रकाराच्या हाती लागली. शिक्षेविरुद्ध देशभर ओरड झाली. अपिलात सहाचे तीन महिने झाले. त्याच्या वर दाद लागली नाही. तुरुंगाऐवजी त्याला पापुन्याच्या आदिवासी वसाहतीत ठेवले आणि दोन महिन्यांनी सोडले. पण माणूस खचला होता. कुंचल्यात मन राहिले नाही. ८ ऑगस्ट १९५९ रोजी ॲलिस स्प्रिंग्जच्या इस्पितळात तो वारला. वय ५७.

त्याच पापुन्यात १९७१ मध्ये, जेफ्री बार्डन या शिक्षकाच्या प्रोत्साहनाने, आदिवासी पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीचे पुराण रंगवले आणि वाळवंटातल्या ठिपक्यांच्या चित्रांची मोठी चळवळ सुरू झाली. समीक्षकांनी या वेळी वाहवा केली. ती भिंत काही वर्षांनी अधिकाऱ्यांनी रंग फासून पुसली, हे वाहवेच्या गर्दीत फारसे कोणी सांगत नाही.

चित्रांच्या हक्काची कथाही अशीच. १९५७ मध्ये अल्बर्टने एका प्रकाशनसंस्थेशी करार केला. त्याचा वाटा साडेबारा टक्के. १९८३ मध्ये त्याच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या सरकारी विश्वस्ताने सगळा हक्क त्याच संस्थेला ८,५०० डॉलरला विकून टाकला. वंशजांना विचारले नाही. त्यानंतर नातवंडांच्या हाती या छपाईतला एक पैसा आला नाही. २०१७ मध्ये, बऱ्याच खटपटीनंतर, हक्क कुटुंबाच्या न्यासाकडे एका डॉलरला परत आला. त्याची मुदत २०२९ मध्ये संपते.

विल्यम डार्गी याने काढलेल्या अल्बर्टच्या व्यक्तिचित्राला १९५६ चे आर्चिबॉल्ड पारितोषिक मिळाले होते. २०२० मध्ये ते पारितोषिक व्हिन्सेंट नामतजिराला मिळाले. ते जिंकणारा तो पहिला आदिवासी चित्रकार. व्हिन्सेंट हा अल्बर्टचा पणतू. आई वारल्यावर सरकारने त्याला लहानपणीच उचलून दूर पर्थला परक्या घरी वाढवले. वयात आल्यावर तो हर्मन्सबर्गला परतला, आणि मग आपली माणसे शोधू लागला.