वाणीचा नट : झिया मोहिउद्दीन

नटाचें मोल लोक बहुधा डोळ्यांनीं ठरवितात. चेहरा, उभें राहण्याची ढब, डोळ्यांत तरारलेलें पाणी, ह्यांनाच अभिनय म्हणण्याची संवय जडलेली असते. पाकिस्तानांतील ज्येष्ठ नट झिया मोहिउद्दीन हे रंगभूमि, चित्रपट आणि टेलिव्हिजन ह्या तिन्ही क्षेत्रांत वावरले. परंतु त्यांची खरी मिळकत म्हणजे त्यांची वाणी. ह्या मिळकतीला हक्काचें घर मिळेपर्यंत त्यांची सत्तरी उलटली होती.

त्यांचा जन्म १९३१ सालीं पंजाबांतील लायलपूर येथें झाला. त्या शहराला आज फैसलाबाद म्हणतात. वडील खादिम मोहिउद्दीन ह्यांना गणित, संगीत आणि नाट्यलेखन ह्या तिहींचाहि नाद होता. लाहोरास शिक्षण झाल्यावर झिया लंडनला गेले आणि १९५३ पासून १९५६ पर्यंत तेथील रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट ह्या नाट्यशाळेंत शिकले.

१९६० सालीं फॉर्स्टर ह्यांच्या ‘ए पॅसेज टु इंडिया’ ह्या कादंबरीचें सांता रामा राव ह्या भारतीय लेखिकेनें केलेलें नाट्यरूपांतर लंडनच्या रंगभूमीवर आलें. त्यांतील डॉक्टर अझीझची भूमिका झियांना मिळाली आणि एका रात्रींत म्हणावें तसें त्यांचें नांव झालें. वृद्ध फॉर्स्टर तेव्हां हयात होते. प्रयोग त्यांनाहि रुचला. १९६२ सालीं हेंच नाटक घेऊन ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर उभे राहिले, आणि १९६५ सालीं बी.बी.सी.च्या टेलिव्हिजनवर पुन्हा अझीझ झाले. त्याच १९६२ सालीं डेव्हिड लीन ह्यांचा ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ हा चित्रपट निघाला. त्यांत लॉरेन्सला वाट दाखविणारा ताफस नांवाचा बेदुइन हे झियाच. वाळवंटांतील विहिरीचें पाणी काढीत असतां दूर मृगजळांत एक काळा ठिपका दिसूं लागतो, तो हळूहळू उंटस्वाराचें रूप घेतो, आणि ‘ही विहीर आमची’ एवढ्या कारणावरून ताफस मारला जातो. जगभर गाजलेला तो प्रसंग ओमर शरीफ ह्यांच्या प्रवेशासाठीं लोकांच्या ध्यानांत राहिला. मरणारा कोण होता हें फारसें कोणी विचारलें नाहीं. पश्चिमेंतील आशियाई नटाचें प्राक्तन त्या काळीं बरेंचसें असेंच होतें. अझीझसारखी भूमिका कांहीं दर वर्षीं लिहिली जात नाहीं.

पाकिस्तानांत टेलिव्हिजन सुरू झालें तें १९६४ सालीं, लाहोरांत. पांच वर्षांनीं, १९६९ मध्यें, ‘झिया मोहिउद्दीन शो’ सुरू झाला आणि १९७३ पर्यंत चालला. साहित्यिक, गायक, नट ह्यांच्याशीं मोकळ्या गप्पा, मध्येंच गाणें, मध्येंच नाच, असा त्याचा थाट असे. घरच्या दिवाणखान्यांत बसून सुसंस्कृत संभाषण ऐकावयाची चटक त्यानें प्रेक्षकांना लावली. ह्याच काळांत, १९७० सालीं, मर्चंट-आयव्हरी ह्यांच्या ‘बॉम्बे टॉकी’ चित्रपटांत शशी कपूर ह्यांच्यासमवेत ते दिसले. मुंबईच्या चित्रसृष्टींत संवाद लिहिणाऱ्या हरीची भूमिका त्यांची होती.

१९७३ मध्यें पाकिस्तानच्या विमान कंपनीनें चालविलेल्या कला अकादमीचें संचालकपद त्यांच्याकडे आलें. लोकनृत्यें व संगीत ह्यांचीं पथकें परदेशीं जाऊं लागलीं. परंतु १९७७ सालीं लष्करानें सत्ता घेतली. नव्या सत्ताधीशांचें नांवहि झियाच, जनरल झिया-उल-हक. नांवापलीकडे साम्य कांहींच नव्हतें! कथ्थक नर्तिका नाहीद सिद्दीकी ह्या तेव्हां मोहिउद्दीन ह्यांच्या पत्नी. त्यांचा ‘पायल’ हा नृत्याचा कार्यक्रम टेलिव्हिजनवरून बंद करण्यांत आला. जेथें घुंगरूंचा नाद सरकारास खुपतो, तेथें कला अकादमीचा संचालक करणार काय? पतिपत्नी इंग्लंडास गेलीं.

तिकडे बर्मिंगहॅमच्या टेलिव्हिजनवर ‘हिअर अँड नाउ’ ह्या कार्यक्रमाचें सूत्रसंचालन त्यांनीं केलें. १९८४ सालच्या ‘द ज्युवेल इन द क्राउन’ ह्या मालिकेंत ते महंमद अली कासिम झाले. हा कासिम काँग्रेसचा मुसलमान पुढारी. तुरुंगांत पडला तरी पक्ष सोडीत नाहीं. पाकिस्तानी नटानें ती भूमिका अशा निष्ठेनें करावी, हें मुद्दाम नोंदविण्यासारखें आहे.

पुढें त्यांनीं एक निराळीच मैफल रूढ केली : उर्दू गद्याचें जाहीर वाचन. गालिबचीं पत्रें, मुश्ताक अहमद युसुफी ह्यांचा विनोद, आणि पत्रस बुखारींचे निबंध. हेच बुखारी फाळणीपूर्वीं ऑल इंडिया रेडिओचे प्रमुख होते. वाद्य नाहीं, वेश नाहीं. एक मेज, हातांत कागद. स्वल्पविरामाला किती थांबावें आणि विनोदाचा शब्द किती सपाट टाकावा, हें ते जाणत. लाहोरांत ह्या वाचनाला श्रोत्यांची दाटी होई.

२००५ सालीं कराचींत नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स ही संस्था त्यांच्या नेतृत्वाखालीं उभी राहिली. तिला जागा मिळाली ती हिंदु जिमखान्याची. फाळणीपूर्वींच्या कराचीकर हिंदूंनीं बांधलेली ही देखणी वास्तु परत मिळावी म्हणून तेथील हिंदु समाजानें पुढें न्यायालयाचें दार ठोठावलें. त्याची बाजूहि हलकी नव्हे. त्या छपराखालीं पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरचे मोहिउद्दीन विशीच्या मुलामुलींना उर्दूचे उच्चार घोटवून घेऊं लागले. संस्थेचें नाट्य व संगीत शिक्षण त्यांच्या देखरेखीखालीं वर्षानुवर्षें चाललें. १३ फेब्रुवारी २०२३ रोजीं, वयाच्या ९१ व्या वर्षीं, कराचींतच त्यांचें निधन झालें.