आगकाडी, मुखवटा आणि 'टॉय स्टोरी'

मंडळी, 'टॉय स्टोरी' अमेरिकेत प्रदर्शित झाला २२ नोव्हेंबर १९९५ रोजी. संपूर्णपणे संगणकावर घडवलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण पहिल्याच चित्रपटात खेळणी का आली, हे फारसं कुणी विचारत नाही.

त्याचं उत्तर १९८८ सालच्या 'टिन टॉय' या लघुपटात आहे. तोही पिक्सारचा, जॉन लॅसेटरचाच. त्यातलं पत्र्याचं खेळणं झकास जमलंय. त्याच्यामागे रांगणारं बाळ मात्र बघवत नाही! ऑस्कर मिळालं, ते सोडा. त्या काळच्या संगणकाला कातडी, केस, कपड्याची चुणी नीट जमत नव्हती. प्लास्टिक जमायचं. म्हणून नायक खेळणी झाली आणि माणसं शक्यतो मागे राहिली. आणि त्या खेळण्यांना लेखकांनी भीती कुठली दिली? मालक मुलगा आपल्याला विसरेल, ही.

आता जरा इकडे या. मोखाड्याहून नाशिकच्या वाटेला लागलात की त्र्यंबकेश्वर येतं. दादासाहेब फाळके तिथेच जन्मले, १८७० साली. त्यांनी १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' केला. काडी जराशी हलवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा हलवायची. 'टॉय स्टोरी'च्या ऐंशी वर्षं आधी! काडीला ना डोळे ना तोंड. जे काय सांगायचं ते हालचालीतून.

तुम्हाला हे वेगळं सांगायला नको, तुम्ही बोहाडा बघत आलात. कागदाच्या लगद्याचा मुखवटा. त्याचे ओठ हलत नाहीत, भुवई उडत नाही. तरी सोंग आलं की ते कुणाचं, हे त्याच्या चालीवरूनही कळतं. संबळ वाजायला लागला की मुखवटा रागावल्यासारखा दिसतो. रागावलेलं असतं अंग.

'टॉय स्टोरी'चा प्रभाव म्हणाल तर बहुतेकांनी त्यातलं यंत्र तेवढं उचललं. २००४ च्या 'होम ऑन द रेंज'नंतर खुद्द डिस्नेनं हाताने काढलेल्या चित्रपटांचं काम काही वर्षं बंद ठेवलं. पेन्सिलीवर आयुष्य काढलेली माणसं घरी बसली. मला हा त्या चित्रपटाचा चुकीचा अर्थ वाटतो. इथली मुलंही म्हणतात, 'सर, आपल्याकडे तसले कॉम्प्युटर कुठायत?' त्यांना मी १९९३ चा नोव्हेंबर सांगतो.

तेव्हा पिक्सारनं डिस्नेच्या अधिकाऱ्यांना कच्चा चित्रपट दाखवला. तो बराचसा हातानं काढलेल्या चित्रांचा होता. वुडी इतका खवट झाला होता की कुणालाच आवडेना. काम थांबवण्यात आलं. संगणक होते तिथेच होते. कथा पुन्हा लिहून झाली, तेव्हा कुठे ते परत सुरू झाले.