तालीम, वस्ताद आणि कराटे

‘तालीम’ हा शब्द मूळचा अरबी. अर्थ शिक्षण. आमच्या घरांत आजही मुलांच्या शाळेबद्दल बोलताना हाच शब्द येतो. मराठीत आल्यावर मात्र त्याने वेगळा संसार थाटला. तालीम म्हणजे लाल मातीचा हौद, भिंतीला टेकवलेली मुद्गलं आणि घामाचा वास. ‘उस्ताद’ फारसीतून आला आणि वस्ताद झाला. कुस्ती आणि पहिलवान हेही फारसीतलेच. जोर-बैठका मारणाऱ्या मराठी पोराला या शब्दांची जात कधी विचारावीशी वाटली नाही, आणि ते बरंच झालं.

आता गावोगावी तालमीशेजारी कराटेचा वर्ग दिसतो. शिकवणारे ‘सेन्सेई’, जागेचं नाव ‘दोजो’. हा दोजोही ऐकण्यासारखा आहे. बुद्धाला जिथे बोध झाला ती जागा म्हणजे बोधिमंड. या संस्कृत शब्दाचं चिनी भाषांतर जपानमध्ये ‘दोजो’ म्हणून उच्चारलं गेलं. आधी तो मठातल्या साधनेच्या जागेसाठी वापरत, पुढे युद्धकलेच्या सरावाच्या जागेसाठी. भंडारा जिल्ह्यातलं आसगाव ज्या पवनी तालुक्यात आहे, त्या पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप सापडला. म्हणजे बुद्ध या मातीला नवा नाही. आसगावच्या एखाद्या मुलीने ‘दोजो’ म्हटलं, तर ती फार परका शब्द उच्चारते असं मला वाटत नाही.

पण इथे एक सावधगिरी हवी. ‘कराटे मुळात आपलंच, बोधिधर्माने ते चीनला नेलं,’ असं बऱ्याच वर्गांत सांगितलं जातं. गोष्ट ऐकायला छान आहे, पण तिला इतिहासाचा आधार नाही. बोधिधर्माच्या नावावर सांगितला जाणारा व्यायामाचा ग्रंथ सतराव्या शतकातला आहे, म्हणजे त्याच्यानंतर हजारेक वर्षांनी लिहिलेला. शब्द प्रवास करून आला, म्हणून विद्याही त्याच वाटेने आली असं होत नाही. प्रत्येक चांगली गोष्ट आपल्याच घरात जन्मली पाहिजे, हा हट्ट आधी सोडायला हवा.

कराटे वाढलं ते ओकिनावा बेटांवर. तिथे र्‍युक्यूचं राज्य होतं आणि चीनशी जुना व्यापार होता. स्थानिक हातघाई आणि चिनी डावपेच यांच्या मिसळीतून ही कला घडली. 1609 मध्ये जपानच्या सात्सुमा सरदारांनी ते राज्य जिंकलं आणि 1879 मध्ये जपानने ते पूर्णपणे खालसा केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतोसू आंको यांनी कराटे शाळेत नेलं आणि लहान मुलांना झेपतील असे सोपे ‘काता’, म्हणजे ठरावीक हालचालींचे क्रम, बांधले. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी हे पेशाने शाळामास्तर. 1922 मध्ये त्यांनी तोक्योत प्रात्यक्षिक दाखवलं आणि ही कला मुख्य जपानात रुजली. ‘कराटे’चा जुना लिखित अर्थ होता ‘चिनी हात’. 1930च्या दशकात उच्चार तोच ठेवून अक्षर बदललं आणि अर्थ झाला ‘रिकामा हात’. चीनशी वैर पेटलेलं असताना चीनचं नाव पुसलं गेलं. नावं बदलण्याचा खेळ आपल्याकडेच चालतो असं समजू नये.

पांढरा गणवेश आणि काळा पट्टा ही कराटेची मूळ देणगी नव्हे. जिगोरो कानो यांच्या जुदोतून ती घेतली आहे. रंगीत पट्ट्यांची लांब रांग तर त्याहून नवी, युरोपातल्या जुदोत वाढलेली. घामाने मळून पांढरा पट्टा काळा होतो, ही दंतकथा. पालकांनी एवढं लक्षात ठेवलं तरी खूप झालं. दर तीन महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला फी आणि दोन वर्षांत काळा पट्टा असा हिशेब कुणी मांडत असेल, तर तो पट्टा विकतोय.

महाराष्ट्रात या बाबतीत आपण कधीच कोरे नव्हतो. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे आणि 1936 मध्ये त्याच्या पथकाने बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी दाखवली. मोहरमच्या मिरवणुकीत लाठी आणि फरी-गदका फिरवणारे आखाडे अनेकांनी पाहिले असतील. कराटे आलं 1970च्या दशकात. मुंबईत ते रुजवणाऱ्यांत परवेझ मिस्त्री यांचं नाव घेतलं जातं. गावात मात्र ते पडद्यावरून आलं. 1973चा ‘एंटर द ड्रॅगन’ पुढे व्हिडिओवर फिरला आणि पोरं अंगणात ओरडत लाथा मारू लागली. ब्रूस लीची विद्या कराटे नव्हती, हे सांगायला कुणाला सवड होती!

आज मुद्दा मुलींचा आहे. सरकारी शाळांत मुलींसाठी तीन महिन्यांचं स्वसंरक्षण प्रशिक्षण चालतं. ते असायलाच हवं. मोठ्याने ओरडणं, मनगट सोडवून घेणं, पळायची वाट हेरणं तीन महिन्यांत जमू शकतं. पण तेवढ्यावर ‘मुलगी आता कुणालाही लोळवेल’ असं तिला सांगणं धोक्याचं आहे. इतोसूंनी 1908च्या पत्रात लिहिलं होतं की रोज तास-दोन तास सराव केला तर तीन-चार वर्षांत शरीर पालटतं. तिथे तीन-चार वर्षं, इथे तीन महिने.

आपल्या काही घरांत वाकून नमस्कार करण्यावरून वर्ग बंद होतो. ही शंका चेष्टेवारी नेऊ नये. शिक्षकाशी बोलावं, मान लववून अदब दाखवता येते का ते विचारावं. पण मुलीचा वर्ग तोडू नये. तोक्यो ऑलिंपिकमध्ये कराटेतच सुवर्ण जिंकून फरयाल अब्देलअझीझ ही ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी पहिली इजिप्शियन महिला ठरली. त्याच स्पर्धेत पुरुषांच्या सर्वांत वरच्या वजनगटाचा अंतिम सामना सौदीचा तारेग हमेदी आणि इराणचा सज्जाद गंजजादे यांच्यात होता. हमेदी पुढे होता. त्याची लाथ गंजजादेच्या डोक्याला बसली आणि तो कोसळला. पंचांनी हमेदीला बाद केलं, कारण वारावर ताबा नव्हता. बेशुद्ध पडलेल्याला सुवर्ण मिळालं, उभा राहिलेल्याला रौप्य.

वर्ग निवडताना हेच पाहावं. शिक्षक वार थांबवायला शिकवतो का? मुलगी ‘दुखतंय’ म्हणाली की थांबतो का? पालकांना बसून सराव पाहू देतो का? मग नखं कापलेली, पाय अनवाणी आणि घोड्यावर बसल्यासारखी गुडघे वाकवून उभी राहण्याची कंटाळवाणी मिनिटं. रोवणीच्या दिवसांत बांधीत तासन् तास वाकणाऱ्या बाईच्या लेकीला हा कंटाळा नवा नाही. महागडा गणवेश नंतर घेता येतो. पहिलं वर्षभर साध्या सलवारीवर शिकू देणारा शिक्षक मिळाला, तर त्याला खुशाल वस्ताद म्हणावं.