डोंगराने घडवलेला बूट

१/ सप्टेंबर २०२४. एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला, मध्य रोंगबुक हिमनदीच्या वितळत्या बर्फात एक जुना चामडी बूट सापडला. तळाला लोखंडी खिळे, आत लोकरी मोजा आणि मोज्यावर शिवलेली नावाची पट्टी : ए. सी. अर्व्हिन. ८ जून १९२४ रोजी जॉर्ज मॅलरी यांच्यासह शिखराकडे जाताना दिसेनासा झालेला २२ वर्षांचा अँड्र्यू अर्व्हिन शंभर वर्षांनी ओळखला गेला, तो पायातल्या मोज्यावरील नावामुळे.

२/ बर्फात जाणाऱ्या माणसाच्या बुटाला लोखंडी खिळे का होते? आणि पुढे ते नाहीसे कसे झाले? दर पावसाळ्याच्या तोंडावर "ट्रेकसाठी कोणता बूट घ्यावा?" असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर या इतिहासात दडलेले आहे. पकड, माप, वजन आणि टिकाऊपणा यांविषयीचे आजचे साधे वाटणारे नियम कोणीतरी पूर्वी मोठी किंमत देऊन शिकलेले आहेत.

३/ आरंभ आल्प्स पर्वतातून करू. १९९१ मध्ये ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा एक मृतदेह बर्फात गोठलेला आढळला. जग त्याला 'ओत्झी' म्हणते. त्याच्या पादत्राणाचा तळ अस्वलाच्या कातड्याचा व वरचा भाग हरणाच्या कातड्याचा होता. आत झाडाच्या सालीच्या दोऱ्यांची जाळी विणून तिच्यात सुके गवत भरलेले होते आणि तळाखाली एक आडवी चामडी पट्टी होती. गवत उबेसाठी व मऊपणासाठी, तर पट्टी घसरू नये म्हणून. एकाच वस्तूत अनेक सामग्री आणि प्रत्येकीचे काम निराळे. आजच्या ट्रेकिंग बुटाची रचनाही याच तत्त्वावर उभी आहे.

४/ पुढचा टप्पा रोमन सैन्याचा. 'कालिगा' या चामडी चपलेच्या तळाला लोखंडी खिळे ठोकलेले असत. मातीच्या वाटेवर ते रुतत, पकड देत आणि चामडे झिजू देत नसत. इ. स. ७० मध्ये जेरुसलेमच्या वेढ्यात मात्र याच खिळ्यांनी घात केला. इतिहासकार जोसेफस सांगतो की, ज्युलियन नावाचा एक पराक्रमी सेनाधिकारी एकटाच शत्रूवर तुटून पडला. शत्रू मागे हटू लागला. इतक्यात मंदिराच्या गुळगुळीत फरसबंदीवर त्याच्या चपलेचे खिळे घसरले आणि तो उताणा पडला. परतलेल्या शत्रूंनी त्याला घेरून ठार मारले.

५/ या प्रसंगातला धडा आजही लागू आहे. ज्युलियनची चपल निकृष्ट नव्हती. ती मातीसाठी बनलेली होती आणि त्या क्षणी तिच्याखाली दगड होता. पादत्राण 'उत्तम' आहे की नाही, हे जमीन पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

६/ तरीही खिळ्यांचे राज्य विसाव्या शतकापर्यंत टिकले. एकोणिसाव्या शतकात युरोपात गिर्यारोहणाचा छंद रुजला, तेव्हा जाड चामडी बुटांना निरनिराळ्या आकारांचे खिळे ठोकण्याची कला विकसित झाली. जिनिव्हाच्या फेलिक्स जेनकां यांनी 'ट्रिकुनी' या नावाने ओळखले जाणारे दातेरी पोलादी खिळे प्रचारात आणले. हे खिळे बर्फाळ उतारावर आणि ओल्या गवतावर उपयोगी पडत. पण लोखंड थंडी थेट तळपायापर्यंत पोहोचवत असे. खिळे सैल होऊन गळत, बूट जड होई आणि उघड्या कातळावर भरवसा राहत नसे.

७/ म्हणून आल्प्समधील आरोहकांनी एक तोड काढली : दोन जोड बाळगायचे. पायथ्यापर्यंत खिळ्यांचे जड बूट, आणि खडक सुरू झाला की ते तिथेच काढून ठेवून दोरीच्या किंवा नमद्याच्या तळाचे हलके जोडे चढवायचे. कोरड्या खडकावर हे जोडे छान चालत. मात्र या व्यवस्थेत एक गृहीतक होते. हवामान बदलणार नाही आणि माणूस आपल्या बुटांपर्यंत परत पोहोचेल.

८/ सप्टेंबर १९३५ मध्ये हे गृहीतक कोसळले. इटली आणि स्वित्झर्लंड यांच्या सीमेवरील पुंता रासिका या शिखरावर मिलानहून आलेल्या आरोहकांना वादळाने गाठले. जड बूट खाली राहिले होते. बर्फाने माखलेल्या खडकावर हलके जोडे पकड देईनात आणि थंडीही अडवीनात. उतरण्याची वाट बंद झाली. थंडीने गारठून सहा जण मरण पावले.

९/ वाचलेल्यांमध्ये व्हिताले ब्रामानी हे गिर्यारोहक होते. मिलानमध्ये त्यांचे गिर्यारोहण साहित्याचे दुकान होते. ज्या बुटावर चालता येईल, चढता येईल आणि हवामान फिरले तर उतरताही येईल, असा एकच बूट हवा, हे त्यांनी मित्रांच्या मृत्यूतून ओळखले. चार्ल्स गुडइयर यांनी रबर टिकाऊ करण्याची प्रक्रिया १८४४ मध्ये पेटंट केली होती. ब्रामानी यांनी तेच रबर बुटाच्या तळाला आणले. पिरेली या टायर कंपनीच्या साहाय्याने त्यांनी खोल खाचांचा रबरी तळ तयार केला आणि १९३७ मध्ये त्याचे पेटंट घेतले.

१०/ या तळाचे नाव 'कारारमातो', म्हणजे रणगाडा. खाचांची मांडणी जुन्या खिळ्यांच्या मांडणीवरून घेतलेली होती. खिळ्यांचा अनुभव राहिला, लोखंड गेले. व्हिताले आणि ब्रामानी या शब्दांच्या आद्याक्षरांतून 'व्हिब्रम' हे नाव जन्मले. ३१ जुलै १९५४ रोजी इटलीच्या लिनो लाचेदेल्ली आणि आकिले कोम्पान्योनी यांनी के-२ शिखरावर पहिले पाऊल ठेवले, ते याच तळाच्या बुटांनी. आज ज्याच्या बुटाखाली रबरी खाचा आहेत, तो नकळत पुंता रासिकाचा वारसा वागवतो आहे.

११/ पकडीचा प्रश्न असा सुटत गेला. पण उत्तम तळाचा बूटही चावू लागला, तर दहाव्या किलोमीटरला माणूस लंगडतो. मापाचा हा प्रश्न गिर्यारोहकांआधी सैन्याला भेडसावत होता. अमेरिकी सैन्याचे वैद्यकीय अधिकारी एडवर्ड मन्सन यांनी सैनिकांच्या पायांचा अनेक वर्षे अभ्यास करून १९१२ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. बुटाचा आकार शोभेसाठी निमुळता ठेवायचा आणि पायाला त्यात कोंबायचे, या पद्धतीमुळे सैनिक निकामी होतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांनी सुचवलेल्या साच्यात आतली कड सरळ आणि बोटांना ऐसपैस जागा होती.

१२/ माप घेण्याची त्यांची रीत आजच्या ग्राहकानेही आचरावी अशी आहे. सैनिकाने मोजे घालायचे, पाठीवर ४० पौंड, म्हणजे सुमारे १८ किलो वजन घ्यायचे आणि त्याच पायावर पूर्ण भार देऊन उभे राहायचे. माप तेव्हा घ्यायचे. कारण भाराखाली तळवा पसरतो. बसून घेतलेले माप विश्रांतीतल्या पायाचे असते आणि चालतो तो पाय दुसराच असतो. नवा बूट नरम करण्यासाठी तो घालून पाण्यात उभे राहायचे व पायातच सुकेपर्यंत चालायचे, हाही त्या काळच्या चामडी बुटासाठीचा शिरस्ता होता. आजच्या कृत्रिम साहित्याच्या बुटाला पाण्याची गरज नाही. मोठ्या मोहिमेपूर्वी लहान फेऱ्या मारून पाय आणि बूट यांची ओळख करून देण्याची गरज मात्र तशीच आहे.

१३/ तिसरा प्रश्न वजनाचा. १९५३ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेने कमी उंचीसाठी आणि अतिउंचीसाठी वेगवेगळे बूट बनवून घेतले. अतिउंचीच्या बुटात सावरीच्या कापसाच्या जातीचा तंतू भरला होता, म्हणजे ऊब वाढली तरी वजन बेताचे राहिले. १९६९ मध्ये सोल आणि गोल्डमन या संशोधकांनी मोजणीच करून दाखवली. पायावर वाहिलेल्या प्रत्येक किलोसाठी, चालण्याच्या वेगानुसार, धडावर वाहिलेल्या किलोच्या साधारण चार ते सहा पट ऊर्जा खर्च होते.

१४/ हिशेब सोपा आहे. एका दिवसात २०,००० पावले टाकली, तर प्रत्येक पाय १०,००० वेळा उचलला जातो. बूट २०० ग्रॅमने जड असेल, तर दिवसाअखेरीस एकेका पायाने २ टन अधिक वजन उचललेले असते. संध्याकाळच्या उतारावर पाय मुरगळतो, तेव्हा त्यात या थकव्याचाही वाटा असतो.

१५/ टिकाऊपणा आणि आराम यांतली ओढाताण अमेरिकेच्या ॲपलाचियन ट्रेलवर स्पष्ट दिसते. १९४८ मध्ये अर्ल शॅफर या माजी सैनिकाने ही वाट सलग चालून पूर्ण केली, चामडी बुटांचा एकच जोड तळ बदलून वापरत. १९५५ मध्ये ६७ वर्षांच्या एमा गेटवूड यांनी तीच सुमारे ३,३०० किलोमीटरची वाट एकटीने पूर्ण केली. अकरा मुलांच्या या आईच्या पायात कापडी केड्स होते. खांद्यावर घरी शिवलेली पिशवी होती. वाटेत त्यांचे अनेक जोड फाटले.

१६/ दोघेही टोकाला पोहोचले. शॅफर यांनी बूट दुरुस्त केला, गेटवूड यांनी बदलला. हलके बूट लवकर झिजतात, टिकाऊ बूट जड असतात, आणि दोन्ही गुण पूर्णांशाने एकत्र मिळत नाहीत. १९९० च्या दशकात रे जार्डीन यांनी कमी वजनाच्या भटकंतीचा पुरस्कार केला आणि लांब पल्ल्याच्या वाटांवर धावण्याच्या हलक्या बुटांना प्रतिष्ठा मिळाली. पाठीवरचे ओझे कमी असेल, तर हा मार्ग शहाणपणाचा ठरतो. ओझे मोठे आणि वाट खडबडीत असेल, तर ताठ तळ आणि घोट्याला आधार यांचे महत्त्व वाढते.

१७/ पाण्याचीही एक कथा आहे. पहिल्या महायुद्धातील खंदकांत दिवसेंदिवस ओल्या बुटांत राहिल्याने हजारो सैनिकांचे पाय सडले. उपाय निघाला तो पाय सुके ठेवण्याचा : कोरडे मोजे, तेलाचे मर्दन आणि अधिकाऱ्यांकडून पायांची नित्य तपासणी. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी शोधलेल्या सच्छिद्र पटलामुळे पुढे जलरोधक बूट आले. पण ओढा ओलांडताना पाणी वरच्या तोंडातून आत शिरते आणि जे पटल पाणी आत येऊ देत नाही, ते बाहेरही जाऊ देत नाही.

१८/ आता सह्याद्रीकडे येऊ. येथे एका दिवसात तांबडा चिखल, घसारा, ओढा, कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि शेवाळलेला बेसॉल्ट एवढे सारे पायाखाली येते. घसाऱ्यावर खोल खाचा उपयोगी पडतात. चिकट चिखलात त्याच खाचा अरुंद असतील तर भरून जातात आणि तळ सपाट होतो. ओल्या कातळावर मऊ रबर अधिक धरते, पण लवकर झिजते. शेवाळावर तर कोणत्याच तळाचा भरवसा नाही, तेथे पाऊल बेताने टाकणे हाच उपाय. भर पावसात जलरोधक बुटापेक्षा पाणी निथळून जाणारा बूट आणि पिशवीत कोरड्या मोज्यांचा जोड अधिक कामाचा.

१९/ टिकाऊपणाचा आणखी एक सापळा आहे. अनेक बुटांच्या तळात पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतल्या ओलाव्याने तो हळूहळू विघटित होतो, बूट वापरात नसला तरीही. म्हणून चार-पाच वर्षे कपाटात जपून ठेवलेल्या नव्याकोऱ्या दिसणाऱ्या बुटाचा तळ गडाच्या मध्यावर सुटून येऊ शकतो. आपल्या दमट हवेत निघण्यापूर्वी बूट दोन्ही हातांनी वाकवून तळाला तडे पडतात का, हे पाहावे.

२०/ बूट घेताना म्हणून चार गोष्टी पाहाव्यात. संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, ट्रेकचेच मोजे घालून आणि पाठीवर भरलेली पिशवी घेऊन बूट चढवावा. उतारावर उभे राहून बोटे पुढे आदळत नाहीत ना, टाच वर उचलली जात नाही ना, हे तपासावे. आपल्या वाटेवर माती किती, दगड किती आणि पाणी किती, याचा विचार करून तळ निवडावा. आणि हे सारे साधत असेल, तर दोहोंपैकी हलका जोड घ्यावा.

२१/ ज्युलियनच्या चपलेखालची जमीन अचानक बदलली. पुंता रासिकावर हवामान बदलले. दोन्ही ठिकाणी पादत्राण आपापल्या कामात निपुणच होते. गडाची वाट माथ्यावर संपत नाही, उतरून गावात पोहोचल्यावर संपते. बूट निवडायचा तो त्या परतीच्या वाटेचा विचार करून.

(समाप्त)