एक कप म्हणजे किती मिलिलिटर? अमेरिकन आणि ब्रिटिश मापांचं गणित समजून घ्या

रील्समधल्या रेसिपीत 'वन कप मिल्क' असतं, परदेशी पाण्याच्या बाटलीवर १६.९ औंस लिहिलेलं असतं आणि गाडीच्या रिव्ह्यूमध्ये गॅलन येतो. आपल्याकडे सगळं लिटर-मिलिलिटरमध्ये. मग हिशेब कसा करायचा?

अमेरिकन मापं (मिलिलिटरमध्ये)

- १ टीस्पून : सुमारे ५
- १ टेबलस्पून : सुमारे १५
- १ फ्लुइड औंस : २९.५७
- १ कप : सुमारे २३७
- १ पिंट : ४७३
- १ गॅलन : ३,७८५ (३.७८५ लिटर)

सोपी युक्ती काय?

मिलिलिटरला ३० ने भागा, अंदाजे औंस मिळतील. ५०० मिलि भागिले ३० म्हणजे १६.७. अचूक उत्तर १६.९ आहे. स्वयंपाकात एवढा फरक चालतो.

ब्रिटिश मापं वेगळी का?

नावं तीच, मापं वेगळी. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, म्हणजे अमेरिकन गॅलनपेक्षा सुमारे २० टक्के मोठा. ब्रिटिश पिंट ५६८ मिलिलिटरचा. त्यामुळे गाडी गॅलनला ४० मैल धावते असं ब्रिटिश यूट्यूबर म्हणाला, तर मायलेज लिटरला सुमारे १४ किमी. अमेरिकन म्हणाला, तर १७ किमी. ऑस्ट्रेलियात तर टेबलस्पूनच २० मिलिलिटरचा आणि कप २५० चा असतो. म्हणून रेसिपी कोणत्या देशातली आहे, हे आधी बघा.

कप म्हणजे ग्रॅम नव्हे

कप हे आकारमानाचं माप आहे. एक कप पाणी सुमारे २३७ ग्रॅम भरतं, पण एक कप मैदा साधारण १२०-१२५ ग्रॅमच. केक बिघडण्यामागे अनेकदा हीच गल्लत असते.

औषधाच्या बाबतीत अंदाज नको

टीस्पूनऐवजी टेबलस्पून वापरला तर डोस थेट तिप्पट होतो. घरातले चमचेही एका मापाचे नसतात. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१५ मध्ये मुलांच्या पातळ औषधांचा डोस फक्त मिलिलिटरमध्ये लिहावा, अशी शिफारस केली ती याच कारणामुळे. परदेशातून आणलेल्या सिरपवर टीस्पून लिहिलं असेल, तर किती मिलिलिटर द्यायचं हे डॉक्टर किंवा फार्मासिस्टला विचारा. मोजण्यासाठी बाटलीसोबतचं मापाचं झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा.